परत न आलेले डोळे

माझ्या दवाखान्यात येणारा माणूस आपला नंबर कितवा हे नंतर विचारायचा. आधी बाकावर बसलेल्यांना विचारायचा, "बाईचा मूड कसा हाय आज?" मला ते आत ऐकू यायचं. खोटं कशाला सांगू, ऐकून बरंच वाटायचं. डॉक्टरचा थोडा धाक असावा, अशी माझी समजूत होती.

मी डोळ्यांची डॉक्टर. माहेर नाशिकचं. लग्न होऊन चिखलीला आले आणि तीसेक वर्षं तिथेच दवाखाना चालवला. आता तो बंद करून घरी बसले आहे. संपादकांनी कळवलं की व्यवसायातले अनुभव लिहा, गमतीजमतीही येऊ द्या. गमतीजमतींना तोटा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी सुटताच बायकोकडे बघून "ही केव्हा म्हातारी झाली?" असं विचारणारे एक गुरुजी होते. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून नंबर तपासायला आलेले एक ड्रायव्हर होते. मी तक्ता बदलला तरी ते जुनीच अक्षरं धडाधडा म्हणत राहिले. पण लिहायला बसले की मन तिकडे रमत नाही. ते एका मळणीवर, एका मुलीच्या डोळ्यावर आणि माझ्या एका छापून आलेल्या लेखावर जाऊन थांबतं. म्हणून तेच लिहिते.

आमच्याकडे दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन निघतं. कापून त्याची सुडी, म्हणजे मोठा ढीग, लावतात आणि मग मळणीयंत्र येतं. त्याला सगळे हडंबा म्हणतात. हडंब्याच्या तोंडात पेंढ्या सारायच्या, दाणे एकीकडे पडतात आणि दुसरीकडून कुटार उडतं. हे कुटार म्हणजे शेंगांची वाळकी फोलपटं. ते डोळ्यात गेलं की बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. ओरखड्याचं तसं काही नाही. पण फोलपटावर बुरशी असते आणि ती बुबुळात रुजते. काही दिवसांत तिथे पांढरट व्रण दिसायला लागतो. व्रण उथळ असेल आणि उपचार वेळेवर मिळाले तर डोळा वाचतो. नाहीतर व्रणाच्या जागी कायमचा पांढरा डाग राहतो. लोक त्याला फूल पडलं म्हणतात. त्या डोळ्याने मग फार तर उजेड-अंधार कळतो. कधीकधी डोळाच काढावा लागतो.

हे पेशंट माझ्याकडे सरळ येत नसत. आधी गावातली एखादी म्हातारी जिभेचं टोक डोळ्यात फिरवून कण काढून द्यायची. कण खरोखर निघतो, त्यामुळे तिचं नाव मोठं असतं. मग कोणी मध घालायला सांगे, कोणी बाळंतिणीचं दूध. हे सगळं करून डोळा उघडेनासा झाला की चिखलीची एसटी. आणि चिखलीला मी.

"आता आलीस? डोळा फुटल्यावरच यायचं होतंस की! उजेडाकडे तोंड कर. हलू नको. रडू नको, मला दिसत नाही."

माझं रागावणं नाशिकच्या भाषेत असायचं, त्यामुळे ते इथे जरा जास्तच लागायचं, हे मला ठाऊक होतं. पण हात चालत असायचे आणि हात चांगले होते, हेही तितकंच खरं आहे. मी व्रण खरवडून काढी. बुरशीचे थेंब देई. ते त्या काळी महाग होते आणि पुष्कळदा गावात मिळतच नसत. म्हणून जोडीला एका स्वस्त, साध्या द्रावणाने मी व्रण पुसून काढू लागले आणि तेच घरी घालायलाही देऊ लागले. त्या द्रावणाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

एका हंगामात लक्षात आलं की हे द्रावण सुरू केल्यापासून परत येणारे पेशंट फार छान बरे होत आहेत. व्रण भरलेले, लाली गेलेली, नजर परतलेली. चिखलीचे चांद मिस्त्री, हडंबे दुरुस्त करणारे वेल्डर, त्यांचा डोळा तर मी मनातून सोडूनच दिला होता. तेही महिनाभराने बाकावर हसत बसलेले. मला वाटलं, हे लिहिलं पाहिजे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. एका पेशंटची हकिगत लिहिली तर तिला केस रिपोर्ट म्हणतात. एकाच दुखण्याचे, एकाच तऱ्हेने उपचार केलेले बरेच पेशंट ओळीने मांडले की ती केस सिरीज होते. हा संशोधनाचा सगळ्यात साधा प्रकार. लहान गावातल्या डॉक्टरला जमण्यासारखा. त्यात डॉक्टर म्हणतो, माझ्याकडे असे असे लोक आले, मी हे हे केलं, पुढे असं असं झालं. बस. त्यात तुलनेला दुसरा गट नसतो. म्हणजे ज्यांना ते द्रावण दिलंच नाही अशा लोकांचं काय झालं, हे त्यात नसतं. त्यामुळे द्रावणाने बरे झाले की थेंबांनी, की व्रण उथळ होते म्हणून आपोआप बरे झाले असते, हे केस सिरीज सांगू शकत नाही. ती एवढंच म्हणू शकते की बाबांनो, मला असं दिसलं, कोणीतरी नीट तपासा.

ही काही लहान गोष्ट नाही. नव्या आजाराची पहिली हाक बहुतेक वेळा अशीच येते. हडंबे वाढले तसे हे व्रण वाढले, ही गोष्टही मी त्याच लेखात प्रथम लिहिली आणि ती बरोबर होती. त्यावरून मी गावोगाव गॉगल वाटले. लोकांनी ते आदराने घेतले आणि हडंब्याच्या दांडीला अडकवून ठेवले. सगळ्या तालुक्यात हडंबे गॉगल लावून आणि माणसं उघड्या डोळ्यांनी, असा देखावा होता.

लेख छापण्याआधी मी तो माझ्या कॉलेजातल्या सरांना दाखवला. सर अतिशय मऊ बोलणारे. त्यांनी सगळा वाचला आणि फोनवर विचारलं, "ओळीने आलेले सगळे पेशंट घेतलेत ना?"

"हो सर. एकही गाळला नाही."

"आणि जे पुन्हा दाखवायला आले नाहीत, त्यांचं काय झालं?"

"बरे झाले असतील सर. ऐन हंगामात बरा झालेला माणूस काम टाकून मला डोळा दाखवायला कशाला येईल?"

"असतील," सर म्हणाले. "पण ते आपल्याला माहीत नाही. एखाद्याच्या घरी कुणाला पाठवून विचारता येईल का?"

मी सरांवरही चिडले. म्हटलं, सर, तुम्ही एकदा ऑक्टोबरात चिखलीला येऊन माझा दवाखाना बघा आणि मग सांगा कोणाला कुठे पाठवू. सर हसले. म्हणाले, निदान 'यशस्वी' हा शब्द काढा. मी तो काढला आणि तिथे 'अत्यंत आशादायक' असं लिहिलं. न आलेल्यांसाठी एक ओळ टाकली, की काही रुग्ण पुढील तपासणीस उपलब्ध झाले नाहीत. लेख एका लहानशा वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचं पहिलं पान फ्रेम करून मी बाकाच्या वरच्या भिंतीवर लावलं. इंग्रजी कोणाला फारसं येत नसे, पण माझं नाव छापलेलं सगळ्यांना दिसे. आजूबाजूचे तरुण डॉक्टर येऊन द्रावणाचं प्रमाण विचारून जाऊ लागले. लेखात नेहमीच्या थेंबांसोबत असं लिहिलं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं फक्त द्रावण. मेडिकलच्या दुकानात ते 'बाईची दवा' या नावाने मागायला लागले. मी कधी कोणाला अडवलं नाही. नाव ऐकून छान वाटायचं.

गेल्या हंगामात अमडापूरला माझा सत्कार ठरला. दवाखाना बंद केल्याचं निमित्त. शाळेच्या हॉलमध्ये मंडप, शाल, नारळ, फेटा बांधायचा आग्रह. संयोजकांनी मोठ्या प्रेमाने माझे जुने पेशंट गोळा केले होते आणि पहिल्या रांगांत बसवले होते. सगळे ठणठणीत डोळ्यांचे. माझी केस सिरीजच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती म्हणा ना. चांद मिस्त्री बोलायला उठले. "बाई डाँटती बहुत है," ते म्हणाले, "मेरेकू तो इतना डाँटा के घरवाली ने भी कभी नहीं डाँटा. मगर आँख बचाती!" हॉलभर हशा आणि टाळ्या. मीही डोळे पुसले.

कार्यक्रम संपला आणि चहा सुरू झाला. हॉलच्या मागच्या दाराशी काही बायका उभ्या होत्या. त्यांतली एक पुढे आली. पदर डाव्या बाजूने नाकापर्यंत ओढलेला. "जय भीम, बाई. ओळखलं का? मी गोकर्णा."

ओळखलं. अमडापूरचीच. कुटाराचा डोळा घेऊन माझ्याकडे आली होती आणि शेवटी तपासली तेव्हा व्रण भरत होता. माझ्या लेखात ती होती. सुधारणा होत असलेली, पुढे न आलेली. ती माझ्या पाया पडायला वाकली आणि पदर सरकला. डाव्या बुबुळावर पांढरंशुभ्र फूल होतं.

"हे कधी झालं?" माझा आवाज सवयीने चढला.

"तवाच, बाई. तुमच्याकून गेली, थोडे दिस बरं वाटलं, मंग पुन्हा भडकलं. गेला डोळा."

"मग आली का नाहीस माझ्याकडे?"

ती संकोचून हसली. "काऊन येऊ, बाई? तुम्ही एवढी मेहनत केली. पैशे बी कमी घेतले. आन् मी तशीच डोळा घेऊन उभी राह्यली असती तं तुम्हाले किती वाईट वाटलं असतं." मग थोडं थांबून, "आन् तुम्ही रागावता बी."

मागच्या बायका हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला.

"मी एकलीच नाही, बाई," गोकर्णा मला धीर दिल्यासारखं म्हणाली. "जानेफळची माही नणंद, तिचा बी तसाच गेला. अकोल्याले काढाच लागला. पण आमी कोणाले सांगतलं नाही. तुमचं नाव कायले खराब करा?"

आजही हे लिहिताना कान गरम होतात. इतकी वर्षं मला वाटत होतं की न आलेले लोक बरे झाल्यामुळे आले नाहीत. उलटं होतं. बरे झालेले कौतुकाने, मिरवत, कधी भाजी घेऊन आले. ज्यांचे डोळे गेले ते माझ्या मनाला लागेल म्हणून आणि माझ्या तोंडाला भिऊन घरी बसले. म्हणजे माझ्या लेखातले आकडे मी जमवले नव्हते. माझ्या रागाने आणि त्यांच्या चांगुलपणाने मिळून ते जमवले होते. सरांनी विचारलेला प्रश्न इतका साधा होता आणि त्याचं उत्तर चहाचा कप हातात धरून माझ्यासमोर उभं होतं. मला लाज वाटली. अंगावरची शाल काढून कुठेतरी ठेवावीशी वाटली, पण कुठे ठेवायची तेही कळेना.

माझा चेहरा पाहून गोकर्णा घाईघाईने म्हणाली, "तुम्ही काई मनाले लावून घेऊ नका. आता पाहा, माह्या करुणाच्या डोळ्यात बी कुटार गेलं. पण आमी तुमचीच दवा टाकून राह्यलो."

"कधी गेलं?"

"झाले काई दिस. मेडिकलवाल्यानं दिली ना, बाईची दवा."

"आणि मला नाही दाखवलंस? मी इथे समोर बसलेली असताना?"

"आज तुमचा सत्कार होता," गोकर्णा म्हणाली. "आन् तिचं बी आमी पयले म्हातारीकून जिभीनंच काढलं होतं. तुम्ही रागावल्या असत्या."

मी शाल तशीच घेऊन तिच्यासोबत निघाले. संयोजक मागून "फोटो, मॅडम, फोटो" म्हणत होते.

करुणा घराच्या ओट्यावर डोळ्याला रुमाल लावून बसली होती. एकवीस-बावीसची, काटक. पोलीस भरतीची तयारी करत होती. भिंतीशी धावायचे बूट वाळत होते. भरतीत दोन्ही डोळ्यांची नजर तपासतात, हे मला माहीत होतं. कितीतरी पोरापोरींना त्यासाठीच मी तपासलं होतं. तिने रुमाल काढला. बुबुळाच्या कडेकडे सरकलेला व्रण, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या आणि तळाशी पुवाची पिवळट रेघ. म्हणजे बुरशी आत शिरली होती.

"आत्ताच्या आत्ता अकोल्याला चला," मी म्हटलं. "मोठ्या दवाखान्यात. माझी गाडी आहे."

गोकर्णा घाबरली, पण दवाखान्याला नाही. "बाई, तुम्ही खरंच रागावल्या का? आमी तुमचीच दवा टाकली. दुसरं काईच नाही टाकलं. तुम्हीच करा ना काईतरी. आमचा तुमच्यावर भरोसा हाय."

हा भरोसाच आता मध्ये उभा होता. मी रागावून त्यांना हाकलते आहे, असं तिला वाटत होतं. आजवर मी जे कमावलं म्हणून मिरवत होते, ते तिथल्या तिथे मोडल्याशिवाय ती मुलगी ओट्यावरून उठणार नव्हती.

मी ओट्यावर बसले. म्हटलं, "गोकर्णा, ऐक. माझ्या दवेने डोळा बरा होतो की नाही, मला माहीत नाही."

"असं काऊन बोलता? एवढे लोकं बरे झाले ना? तिकडं खुर्च्यावर बसले होते."

"ते बसले होते. तू मागे दाराशी होतीस. तुझी नणंद जानेफळला होती. मी जे आले तेच पाहिले. जे गेले ते मला दिसलेच नाहीत. मग माझी दवा चांगली हे मी कशावरून म्हणायचं? आणि जे बरे झाले तेही दवेने झाले की थेंबांनी, की त्यांचे व्रणच लहान होते, हे मी कधी ताडून बघितलंच नाही."

मी नम्रपणे बोलतेय असंच गोकर्णाला वाटत असावं. तेवढ्यात करुणा म्हणाली, "मंग हे तं आमच्या अकॅडमीच्या फ्लेक्ससारखं झालं. सिलेक्शन झालं त्यांचेच फोटो लावतेत. बाकीच्या शंभर पोरी कुठं गेल्या ते कोणी नाही लावत."

"हो," मी म्हटलं. "अगदी तसंच."

"आन् तुम्ही तो फ्लेक्स दवाखान्यात लावला होता. मी लहानपणी शाळेसंगं डोळे तपासाले आली तवा पाह्यला हाय."

मी मान हलवली. करुणा उठली, बूट घालायला गेली, मग ते ठेवून चपला घातल्या. गोकर्णाने घराला कुलूप लावलं. आम्ही खामगावमार्गे अकोल्याला गेलो. वाटेत तिने मला दोनदा विचारलं की बाई, तुम्ही जेवल्या का.

अकोल्याच्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. तपासून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, यांना आधी नुसतं द्रावणच चालू होतं. तुमच्या भागातून असे बरेच येतात." माझा त्या द्रावणाशी संबंध काय, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते अगदी आदराने म्हणाले, नाही मॅडम, तुमचा हेतू चांगलाच होता. तो आदर मला गोकर्णाच्या फुलाइतकाच झोंबला.

घरी येऊन मी त्या नियतकालिकाला, न आलेल्यांचं खरं काय झालं ते सांगणारं पत्र लिहिलं. मेडिकलच्या दुकानांत स्वतः जाऊन सांगितलं की माझ्या नावाने ते देऊ नका. एक दुकानदार म्हणाला, "बाई, विकते हो चांगली." त्याच्यावर मात्र मी मनसोक्त रागावले.

पुढे गोकर्णाचा फोन यायचा. "बरं हाय, बाई. लय फरक हाय. तुम्ही काळजी करू नका." मला हायसं वाटायचं. एकदा तर फोन ठेवून मी चहा टाकला आणि चक्क गुणगुणत होते. दूध ओतताना हात थांबला. बरं हाय, बाई. हेच तर ती मला वर्षानुवर्षं सांगत आली होती, न येऊन. तिने दुसरं काही सांगितलं असतं का? डोळा गेला असता तरी ती हेच म्हणाली असती आणि वर मला जेवलात का असं विचारलं असतं. इतकं होऊनही मी पुन्हा तेच केलं होतं. ऐकायला गोड होतं म्हणून खरं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अमडापूरला गेले. बोलावणं नव्हतं, कळवलंही नव्हतं. गोकर्णा अंगणात तूर झोडत होती. मला पाहून तिची धांदल उडाली. "या, बाई, या. करुणा बरी हाय. चाय ठेवतो."

"चहा नको. मला तिचा डोळा बघायचा आहे."

करुणा आतून आली. तिने गॉगल लावला होता. काळा, स्वस्तातला. मी वाटलेल्यांपैकीच असावा तसा. ती माझ्यासमोर उभी राहिली, पण गॉगल काढला नाही.

"कसं आहे?" मी विचारलं.

"बरं हाय ना," गोकर्णा मधेच म्हणाली.

"नाही बरं," करुणा म्हणाली. "अकोल्याच्या डॉक्टरनं डोळा वाचवला, पण डाग राह्यला. तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी दिसतेत, बाकी धुकं. भरतीत चालत नाही. मी ग्राउंडवर जाणं सोडलं."

"करुणे!" गोकर्णा ओरडली. "बाईले असं बोलतेत का?"

"काऊन नाही बोलायचं?" करुणाचा आवाज चढला. मला माझाच आवाज आठवला. "आई, तू कधीच बोलली नाही म्हणून तं झालं हे. तू त्याच वर्षी दवाखान्यात जाऊन म्हणली असती, का बाई, माहा डोळा गेला, पाहा, तं बाईनं ती दवा थांबवली असती. आन् बाई, तुम्ही! तुम्ही एखाद्या खेपेला विचारलं असतं की आता काऊन नाही आली गोकर्णा. अमडापूर काई लांब हाय का? पाऊण घंट्याचा रस्ता. तुम्हाले फक्त तो फ्लेक्स पायजे होता भिंतीवर."

गोकर्णा मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावला. मी त्या अंगणात खाली मान घालून उभी होते. तिचं एकेक वाक्य बरोबर होतं. माझ्या पेशंटना इतकी वर्षं माझ्यासमोर कसं उभं राहावं लागलं असेल, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"माफ करा, बाई, पोरगी फटकळ तोंडाची हाय," गोकर्णा म्हणाली.

"बोलू दे तिला," मी म्हटलं. "माझ्याकडे येऊन असं सांगणारी ती पहिलीच आहे."

तुरीच्या शेंगा अंगणभर पसरल्या होत्या. मला वाटलं, आता निघावं. मी वळले.

"थांबा," करुणा मागून म्हणाली. तिने गॉगल काढून आईच्या हातात दिला. मी काही न सांगता तिने उजेडाकडे तोंड केलं, मान स्थिर धरली आणि म्हणाली, "पाहा."